आक्काचा खुराक

माझ्या सासूच्या माकडहाडावर जखम झाली आणि मला बरं वाटलं. असं वाक्य कुठली बाई तोंडानं बोलत नाही, म्हणून मी ते लिहून ठेवते. मी संयोगिता. माहेर मलकापूर, सासर कसबा बावडा, वय अठ्ठेचाळीस. आमच्या गल्लीत मला सगळे गुणाची सून म्हणतात. म्हणू देत.

सासूला सगळा गाव आक्का म्हणतो, मीही आक्काच म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर. गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, घरी आणलं. पण तीन आठवडे उताणं पडून पडून कमरेखाली जखम झाली. आधी रुपयाएवढी होती, मग वाटीच्या तोंडाएवढी झाली. दिवसाआड ड्रेसिंगला क्रांती सिस्टर यायची. सर्जननी बघितलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "एकवीस दिवस बघू. भरायला लागली तर ठीक. नाहीतर बाजूचं मांस ओढून शिवावं लागेल. या वयात, हे हृदय बघता, त्या टेबलावरून उतरतील याची मी खात्री देत नाही."

माझी मुलगी श्रुती शहरातल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे, राहतेही तिकडंच. तिनं आज्जीच्या रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि डोक्याला हात लावला. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन असतं, ते फार खाली गेलं होतं. "मम्मी, जखमेत नवीन मांस यायचं तर ते कशाचं येणार? भिंत बांधायची आणि विटाच नाहीत असं झालंय," ती म्हणाली. आक्कानं देवाला बोलून मटण-अंडी सोडलेली. डाळ चार घासांपलीकडं जात नाही. म्हणून श्रुतीनं दूध-प्रोटीनचा डबा आणला.

तिनं तो आज्जीच्या उशाशी बसून उघडला. पांढरी, मऊ पावडर आणि आत एक निळा चमचा.

"हे पैलवान लोकांचं असतंय न्हवं?" आक्कानं विचारलं.

"आज्जी, हे दूधच आहे. दुधातलं पाणी, लोणी आणि साखर काढल्यावर जे सत्त्व राहतं ना, ते. यातलं काही लवकर पचतं आणि काही सावकाश, त्यामुळं शरीराला दिवसभर मिळत राहतं. जखम भरते, पायात ताकद येते. मग तू चालणार."

"किडनी जाती म्हनं त्यानं."

"ज्याची किडनी आधीच खराब आहे, त्यानं विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. तुझा रिपोर्ट चांगला आहे. मी डॉक्टरांना विचारूनच आणलंय."

मग तिनं मला बजावलं. सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे, ग्लासभर दुधात. दूध कोमट पाहिजे, उकळत्यात टाकलं की गुठळ्या होतात. "मम्मी, एक वेळही चुकवू नको. सगळं यावर आहे," ती म्हणाली आणि ड्युटीला गेली.

म्हणजे आक्काचा जीव आता त्या निळ्या चमच्यात होता आणि चमचा माझ्या हातात. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. माझे चार दिवस यायला चोवीस वर्षं लागली.

चोवीस वर्षांपूर्वी आमच्याकडं दोन म्हशी होत्या. एकीचं दूध डेअरीला जायचं. दुसरीचं दूध माझा धाकटा दीर विजयसिंह, आक्काचा लाडका इजा, प्यायचा. तो कुस्तीच्या तालमीत होता. सकाळी तीन लिटर, संध्याकाळी दोन लिटर, वर बदाम, वर तूप. घरातल्या बायका कोरा चहा प्यायच्या. अगदीच कुणी आलं तर चहाला रंग येण्यापुरतं दूध पडायचं. मला ते तेव्हा फारसं खटकलं नव्हतं. पैलवानाच्या घरात असं असतंच, असं मला वाटायचं.

माझी आई आधीच वारलेली, म्हणून बाळंतपण सासरी झालं. मुलगी झाली. बाळंतिणीला अळीव, डिंक, खीर, निदान दोन वेळचं दूध, एवढं तर गरिबाच्या घरीही करतात. आक्का मला पितळी भरून दूध आणून द्यायची आणि त्यात निम्म्याहून जास्त पाणी असायचं. निळसर दिसायचं ते. चौदाव्या दिवशी माझं अंगावरचं दूध आटलं. पोरगी रडून रडून काळीनिळी पडायची. मी आक्काचे पाय धरले. म्हटलं, आक्का, दोन दिवस तरी बिनपाण्याचं दूध द्या, मला नको, हिला तरी पाजते.

आक्का चरवीवर झाकण ठेवत म्हणाली, "पोरगीला कशाला म्हशीचं दूध? इजाचं मैदान तोंडावर आलंय. पैलवानाचं आंग हाय ते, चेष्टा न्हवं."

नवरा कारखान्यात रात्रपाळीला असायचा. दिवसपाळीला असता तरी काही बोलला नसता. धैर्यशील नाव ठेवलंय, धैर्य पाळण्यातच राहिलं असावं त्याचं; आजही घरात असून नसल्यासारखाच. शेवटी शेजारची यल्लव्वा पदराखाली लपवून शेळीचं दूध आणायची, त्यावर माझी श्रुती जगली. दोन वर्षांची होईपर्यंत तिनं पाऊल टाकलं नाही. आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं, तो विजयसिंह त्या मैदानात दुसऱ्या मिनिटाला चीतपट झाला. पाच लिटर दूध रोज पिऊन, दोन मिनिटं.

हे मी श्रुतीला कधी सांगितलं नाही. तिची आज्जीवर माया आहे, ती कशाला नासवा. पण मी स्वतः विसरले असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. मी रोज आठवत होते. भाकरी थापताना, धारा काढताना, आक्काच्या पायाला तेल लावताना.

तर पहिल्या दिवशी मी ग्लासात दूध ओतलं, चमचा भरला, आणि हात थांबला. मी चमचा परत डब्यात टाकला. ग्लासातलं निम्मं दूध पातेल्यात परत ओतलं आणि नळाखाली ग्लास धरून वरपर्यंत भरला. ते निळसर दिसायला लागलं. चांगला चकचकीत स्टीलचा ग्लास, खाली बशी, असं मानानं घेऊन गेले.

आक्कानं एक घोट घेतला आणि थांबली. जीभ तोंडातल्या तोंडात फिरली. माझ्याकडं तिनं एकदा नीट बघितलं. मग सगळं पिऊन ग्लास खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

जिचा जन्म म्हशीच्या कासेखाली गेला, नखावर थेंब घेऊन जी दुधाची लबाडी ओळखायची, तिला एका घोटात कळलं नसेल? कळलं होतं. मी ते तिच्या डोळ्यांत बघितलं. आणि ती गप्प राहिली. मी मनाशी म्हटलं, हिला आठवलंय. हिला माहीत आहे की मी कशाचं उट्टं काढतेय, म्हणून तोंड नाही हिला बोलायला. आत कुठंतरी इतकं गार वाटलं मला! पुरणपोळी खाऊनही तसं वाटत नाही.

डबा उतरत गेला नाही तर श्रुतीला कळलं असतं, पण पावडर फेकवेना. दुधाची वस्तू उकिरड्यावर टाकायची आमच्यात पद्धत नाही. म्हणून मी ती उरलेल्या दुधात घालून पिऊन टाकली. स्वयंपाकघरात दाराकडं पाठ करून, निऱ्या खोचून, उभ्याउभ्या. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं. पहिल्या दिवशी खडू खाल्ल्यासारखं लागलं. तिसऱ्या दिवसापासून मी वाट बघायला लागले.

आणि काय सांगू, अंगी लागलं की हो! दुपारी चारला जी गळून बसायची ती मी, आठवड्याभरात संध्याकाळची धार काढूनही हुशार असायची. दुसऱ्या आठवड्यात शेणाची घमेली घेऊन घरामागच्या परड्याच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागेना. गुडघ्यांची कुरकुर कमी झाली. खरं की भास, देव जाणे. श्रुती म्हणायची, चाळिशीनंतर बाईचं मांस झडत जातं, हाडं पोकळ होतात, तिनं तर प्रोटीन घ्यायलाच पाहिजे. पण घरातल्या बायका डाळीचं पाणी पिऊन पुरुषांना मटण वाढतात. तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलेलं. जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी खुराक लावला होता, आणि तो मीच लावला होता. चोरून.

बाकी सेवेत मी तसूभर खोट ठेवली नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग कोरडं ठेवायचं, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही, हवेच्या गादीत हवा आहे का बघायचं. क्रांती सिस्टर म्हणायची, "आक्का, आसली सून मिळायला नशीब लागतंय."

बाराव्या दिवशी तिनं कागदी पट्टीनं जखम मोजली. चार बाय पाच सेंटिमीटर. पहिल्या दिवशी होती तेवढीच. आतलं मांस राखेसारखं दिसत होतं, आणि वास यायला लागला होता.

"वैनी, प्रोटीन जातंय न्हवं येळच्या येळी?" तिनं विचारलं.

"जातंय की," मी म्हटलं. खोटं नव्हतं. जात होतंच, फक्त वाट वेगळी होती.

श्रुतीनं पुन्हा रक्त तपासलं. आकडा तिथंच, उलट थोडा खाली. त्या संध्याकाळी ती आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. आज्जीचं पोट तर बिघडलेलं नाही ना, आत कुठं जंतू तर नाहीत ना, प्रोटीन पचतच नाही की काय, असं स्वतःशीच बोलत राहिली. "मम्मी, माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. तेव्हा मला पहिल्यांदा टोचलं. सासूसाठी नाही, पोरीसाठी. तिच्या कपाळावर आठी पडते तेव्हा ती अजून ते शेळीच्या दुधावरचं पोर दिसते मला. पण मी मनात म्हटलं, बाई गं, तुझंच तर फेडून घेतेय मी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नळाखाली ग्लास धरला.

सोळाव्या दिवशी, रविवारी, विजयसिंह आणि त्याची बायको अनुजा आले. त्याचं पन्हाळ्यावर जेवणाचं हॉटेल आहे. महिन्यातून एकदा येतो, आईचा हात हातात घेतो, बायकोकडून फोटो काढून घेतो आणि हॉटेलातला पांढरा रस्सा थंड व्हायच्या आत परत जातो. एकेकाळचा पैलवान आता पंचेचाळिशीचा झालाय. पोट पुढं, गुडघे गेलेले, नुकतीच साखर निघालेली. डॉक्टरांनी दटावलं म्हणून जिम लावलीय म्हणे.

मी दोघांना चहा दिला. आक्काची दुधाची वेळ झाली होती, म्हणून तिचा ग्लासही आणला.

"वा, आक्का! दूध चालू हाय की," विजयसिंह म्हणाला.

आक्का हसली. पडल्यापासून पहिल्यांदा मी तिला दात दिसेपर्यंत हसताना बघितलं.

"कुठलं दूध? पानी हाय ते," ती म्हणाली.

 आता ही सगळं बोलणार. बोलू दे, मी मनात म्हटलं, मीही आज मागं हटणार नाही. पण आक्कानं माझ्याकडं बोट केलं आणि अनुजाला म्हणाली, "बघ गं बघ. शिक जरा तुझ्या जावंकडनं. पैल्या घोटालाच वळखलं मी. म्हटलं, आली शानी हून! चोवीस वर्सं शिकवून जे डोस्क्यात शिरलं न्हाय, ते आपसूक आलं. म्हातारीच्या नरड्यात दूध वतून काय म्हस जादा देनार हाय? माझ्या सासूनं मला दिलं न्हाय, मी हिला दिलं न्हाय, आनि आता ही मला देत न्हाय. घर आसं राखाय लागतंय. मी मेलो तरी आता घोर न्हाय."

 सोळा दिवस मी ज्याला सूड म्हणून कवटाळून बसले होते, त्याचं ती कौतुक करत होती. तिच्या गप्प राहण्याला मी कबुली समजले, आणि ती मला शाबासकी देत होती! आणि नुसती शाबासकी नाही, तिनं मला स्वतःच्या शेजारी पाटावर बसवलं होतं. तिच्या सासूच्या आणि तिच्या रांगेत. अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

आक्काचं चालूच होतं. "आनि ती पावडर? ती बी राखून ठिवली आसंल तुझ्यासाठी, इजा. पैलवानाची चीज हाय, पोरीला काय कळतंय. जा, फळीवर डबा हाय बघ."

विजयसिंह लाजला वगैरे नाही. मुकाट उठला, स्वयंपाकघरात गेला आणि डबा घेऊन आला. डबा हलका लागला तसं त्यानं झाकण उघडलं.

"वैनी, ह्यात तर तळाला दोन चमचं राहिल्यात. आक्का तर पीत न्हाय. मग प्यालं कोन?"

"मी," मी म्हटलं.

"तू?" आक्काचा चेहरा पडला. घरात चोर सापडावा तशी बघायला लागली ती. "बाईमानूस हून?"

मग मात्र मी थांबले नाही. ट्रे खाली आपटला आणि बोलले. "व्हय, मी प्यालो. सोळा दिस प्यालो. तुमच्या वाटचं प्यालो, ही जखम भरू नये म्हनून प्यालो. माझी पोर चौदा दिसाची हुती, आक्का. माझं दूध आटलं, मी तुमचं पाय धरलं आनि तुम्ही चरवीवर झाकन ठिवलं. ह्या भावजींच्या नरड्यात वतलं सगळं. दोन मिन्टं टिकले ते मैदानात! आनि माझी पोर दोन वर्सं उभी न्हाय राह्यली. आज तीच पोर तुमच्यासाठी कागदं घिऊन रडतीया. आनि तुम्ही मला शानी म्हनताय?"

अनुजानं चहाचा कप हळूच खाली ठेवला. विजयसिंह डब्याच्या लेबलावरची बारीक अक्षरं वाचायला लागला.

आक्काला राग आला असता तर मला चाललं असतं. ती रडली असती तरी चाललं असतं. ती गोंधळली. खरंच गोंधळली. "त्यात काय एवढं?" ती म्हणाली. "मी तरी कुठं प्यालो? धा बाळंतपणं झाली माझी, तीन जगली. मला कुनी दिलं?"

"कवाच न्हाय?"

"म्हशीचं बिनपान्याचं दूध? छ्या. तेरा वर्साची लगीन हून आलो ह्या घरात. धारा काढल्या, तापवलं, इरजन लावलं, लोनी काढलं. चाखायला बी न्हाय घेतलं कवा. बाईनं दूध प्यालं की म्हस आटती, म्हनायची माझी सासू."

 सोळा दिवस मी हिला उपाशी मारत होते, आणि हिच्या लेखी तो नेहमीचा दिवस होता. जिला कधी मिळालंच नाही, तिच्यापासून मी काय हिरावून घेतलं होतं? काय गेलं ते तिला कळायला आधी ते मिळायला तर पाहिजे! आणि दया आली म्हणाल तर नाही, दया नाही आली. राग दुप्पट झाला. दहापैकी सात पोरं पुरली या बाईनं आणि तरी माझ्या पोरीच्या वेळी हिचा हात झाकणावरच गेला.

मी पुढं झाले. विजयसिंहाच्या हातातून डबा घेतला.

"वैनी, तेवढं दोन चमचं ऱ्हाऊ दे की. सोमवारपासनं जिम हाय माझी," तो म्हणाला.

"हात लावून बघा, भावजी," मी म्हटलं. त्यानं हात मागं घेतला. सोळा दिवसांचा खुराक होता अंगात, माझा आवाज मलाच नवीन वाटला.

स्वयंपाकघरात सकाळच्या धारेचं दूध होतं, साय धरलेलं. एक थेंब पाणी न घालता ग्लास काठोकाठ भरला, कोमट केला, डबा तळापर्यंत खरवडून पावडर टाकली आणि गुठळी राहणार नाही अशी घोटली. पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, आक्काच्या मानेखाली हात घातला.

तिनं ओठ घट्ट मिटले. "इजाला दे."

"न्हाय."

"मला नगं. इजाला दे गं, गुडघं दुखत्यात त्याचं."

"त्यांचं पिऊन झालंय. आता तुम्ही प्यायचं. माझ्यासमोर प्यायचं, त्यांच्यासमोर प्यायचं. बाईचं आंग बी आंगच असतंय. उघडा तोंड."

"वैनी, जबरदस्ती कशाला..." विजयसिंह पुटपुटला. अनुजा त्याला म्हणाली, "तुम्ही गप बसा." बारा वर्षांत पहिल्यांदा मला माझी जाऊ आवडली.

पहिला घोट मी पाजला. आक्काची जीभ थांबली, पहिल्या दिवशी थांबली होती तशीच. दुसरा घोट तिनं आपणहून घेतला. तिसऱ्याला माझ्या हातातून ग्लास तिच्या दोन्ही हातांत गेला. आवाज करत, न थांबता पीत राहिली, वरच्या ओठावर साय आली. ग्लास रिकामा झाला तेव्हा तिनं आत बोट फिरवलं आणि ते चाटलं.



"आसं लागतंय व्हय गं?" तिनं मला विचारलं.

"व्हय."

तिनं विजयसिंहाकडं बघितलं. त्याच्या पोटाकडं, दंडाकडं, पुन्हा पोटाकडं. लेकाकडं असं बघताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मग रिकाम्या ग्लासाकडं बघत म्हणाली, "श्रुतीच्या टायमाला..." आणि अडकली. ओठ नुसते हलत राहिले. मी ते वाक्य पुरं करायला तिला मदत केली नाही. मी समोर बसून राहिले आणि तिचं तोंड बघत राहिले, कारण हेच बघायचं होतं मला चोवीस वर्षं. अर्ध्या तासानं विजयसिंह आणि अनुजा गेले, तोवर ते वाक्य तसंच लोंबकळत होतं.

मग मी श्रुतीला फोन केला. म्हटलं, डबा संपलाय, आज्जीनं नाही संपवला, मी संपवला, मुद्दाम. सगळं सांगितलं, शेळीच्या दुधापासून.  संध्याकाळी ती दोन डबे घेऊन आली. आज्जीचा डोस स्वतःच्या हातानं दिला, सर्जनना स्वतः फोन केला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेली. आठ दिवस ती रोज दोन्ही वेळा आली आणि रोज तशीच गेली. मला शिक्षा झाली म्हणायची तर तीच. आणि ती मला पुरेशी होती.

एकविसाव्या दिवशी सर्जननी पट्टी काढली. जखम तेवढीच होती. पण कडेला राखेच्या जागी लालसर दिसायला लागलं होतं, डाळिंबाच्या दाण्यासारखं. "अजून पंधरा दिवस देतो," ते म्हणाले. ऑपरेशन करावं लागलं नाही. भरायला दिवाळी उजाडली, पण तळापासून भरली. पावडरीनं एकटीनं भरली असं श्रुती म्हणू देत नाही. कूस बदलणं, ड्रेसिंग, औषध सगळंच लागतं म्हणते. पण विटा नसत्या तर गवंडी काय करणार होता?

अबोल्याच्या नवव्या दिवशी श्रुती माझ्याशी बोलली. फळीवर दुसरा डबा ठेवत म्हणाली, "मम्मी, तुला पाहिजे होतं तर तू तुझा वेगळा डबा का नाही मागितलास?"  या घरात कुणाकडं मागायचं असतं, हेच मला चोवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुसऱ्या डब्यावर तिनं पेनानं माझं नाव लिहिलंय.

आक्काला मी माफ केलेलं नाही. तिनं मागितलीही नाही माफी, आणि ते अर्धं वाक्य अजून अर्धंच आहे. आता ती वॉकर धरून दारापुढच्या सोप्यापर्यंत येते आणि सकाळी आठ वाजले की दुधासाठी ओरडते. "दूध आन गं" म्हटलं तर मला ऐकू येत नाही. "म्हातारीचं दूध" म्हटलं तरी येत नाही. परवा विजयसिंह आला होता, समोरच्या खुर्चीवर बसला होता, कट्ट्यावर गल्लीतली चार माणसं होती. आक्का एकदा ओरडली, दोनदा ओरडली, मी आपली भांडी घासत बसले. तिसऱ्यांदा ती वॉकर जमिनीवर आपटून, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "संयोगिता, माझं दूध कुठं हाय?"

मग मी हात धुतले आणि उठले.